जीर्णोद्धार कीं विटंबना?

जीर्णोद्धार हा शब्द मराठी कानास फार गोड लागतो. पडक्या देवळाचा जीर्णोद्धार झाला, बुजलेल्या बारवेचा जीर्णोद्धार झाला, असें म्हटलें कीं ऐकणाराची मान आपोआप डोलते, आणि वर्गणीचें पुस्तक पुढें आलें तर हात खिशाकडे जातो. परंतु या पुण्यवान् शब्दाखालीं आपण प्रत्यक्ष काय करतों, हें एकदां डोळे उघडून पाहण्याची वेळ आली आहे. आमच्या परभणी जिल्ह्यांत जुन्या पाषाणमंदिरांची वाण नाहीं. जिंतूर तालुक्यांतील चारठाणें तर त्यांसाठींच प्रसिद्ध आहे. मराठवाड्यांत हिंडलेल्या कोणाहि डोळस माणसास ठाऊक असेल कीं, ज्या देवळाकडे भक्तांची कृपादृष्टि विशेष वळली, त्याच्या कोरीव खांबांवर पुष्कळदां ऑइलपेंटचे थर चढले, आणि जें दुर्लक्षित राहिलें त्यांतील मूर्ति निदान ओळखूं तरी येतात. देवळांची ही कथा पुष्कळांनीं सांगितली आहे. मला सांगावयाची आहे ती त्याहून लहान आणि घरगुती वस्तूंची कथा: आपल्या घरांतल्या तंबोऱ्याची, सतारीची, गांवच्या भजनी मंडळाच्या वीणेची, आणि कॉलेजांतल्या पोराच्या गिटारचीहि.

माझें म्हणणें थोडक्यांत असें आहे. तंतुवाद्य ही एकदां घडवून ठेवून देण्याची वस्तु नव्हे; ती वारंवार दुरुस्त होत राहण्याची वस्तु आहे. ती जो घडवतो त्याच्याइतकेच, किंबहुना कांकणभर अधिकच, उपकार ती जो राखतो त्याचे. आणि नेमक्या याच माणसाला, म्हणजे जवारी काढणाऱ्या, खुंटी बसवणाऱ्या, फुटका भोपळा सांधणाऱ्या कारागिराला, आपला सुशिक्षित समाज ओळखत नाहीं, त्याला पुरता मोबदला देत नाहीं, आणि तो नाहींसा होऊं लागला म्हणजे मात्र परंपरेच्या नांवानें गळा काढतो. या दोषाला मी दारिद्र्य म्हणत नाहीं, कारण दोष असणारे दरिद्री नाहींत. त्याला मी अज्ञानहि म्हणत नाहीं, कारण विचारल्यास सांगणारे अजून आहेत. तो निव्वळ कोतेपणा आहे.

ज्यांनीं तंबोरा केवळ मैफलींत गवयाच्या मागें पाहिला आहे, त्यांच्यासाठीं त्याची रचना थोडी सांगितली पाहिजे. खालीं मोठा वाळवलेला भोपळा, त्यावर लाकडाची पातळ, किंचित् फुगीर तबली, वर पोकळ दांडी, दांडीच्या टोंकाकडे चार खुंट्या, आणि तबलीवर घोडी. चार तारा या घोडीवरून जातात. गिटारची किंवा फिडलची घोडी अरुंद कडेची असते. तार तिच्यावर जणूं एका बिंदूंत टेकते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अगदीं नकळत गोलावलेला असतो. तार हलते तेव्हां ती या उतारावर क्षणोक्षणीं कमीअधिक टेकत जाते, आणि त्या टेकण्यांतून वरचे बारीक स्वर पुन्हां पुन्हां जागे होतात. तारेखालीं सुताचा एक धागा सरकवून हें टेकणें नेमकें करतात. तो धागा केसभर मागेंपुढें झाला तरी तार एक तर मुकी होते, नाहीं तर चरचरते. एका स्वरांतून अनेक स्वर उमलवणारा हा जो भरलेला झंकार, त्यालाच जवारी म्हणतात.

१९२१ सालीं चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या ठिकाणीं छेडावी त्या ठिकाणीं ज्या उपस्वराचा स्थिरबिंदु येतो, तो उपस्वर त्या तारेंतून उमटूं नये, असा युरोपीय ध्वनिशास्त्राचा नियम होता. तंबोरा आणि वीणा यांच्या बाबतींत हा नियम टिकत नाहीं, तो उपस्वर तेथें स्पष्ट ऐकूं येतो, आणि याचें कारण त्या वाद्यांची विशिष्ट घोडी, असें रामन यांनीं दाखवलें. यांत आपण अभिमान बाळगावा असें कांहीं असेल तर तें हें कीं, शास्त्राच्या नियमाला अपवाद ठरणारी ती घोडी कोणा प्राध्यापकानें कागदावर आंखलेली नव्हती. कानस आणि कान या दोन हत्यारांच्या बळावर ती निनांवी कारागिरांनीं घडवली होती. रामन यांचें नांव आपणांस पाठ आहे. आपल्या घरच्या तंबोऱ्याची जवारी शेवटीं कोणी काढली, हें आपल्यापैकीं कितीजण सांगूं शकतील?

आतां या घोडीचा स्वभाव पाहा. पोलादाच्या आणि पितळेच्या तारा तिच्यावर घासून घासून बारीक चर पाडतात. चर पडले कीं टेकणें बिघडतें, आणि जवारी बसते. मग जाणता कारागीर तारा उतरवून माथा पुन्हां कानसतो, तारा चढवतो, ऐकतो, पुन्हां उतरवतो. हें काम दहा मिनिटांचें नव्हे; एका वाद्यावर अर्धा अर्धा दिवस जातो. प्रत्येक वेळीं घोडी रेसभर झिजते, आणि अखेर एक दिवस ती बदलावीच लागते. म्हणजे वाद्याचा जो अवयव त्याच्या नादाचें मूळ, तोच झिजून संपण्यासाठीं निर्माण झालेला आहे. त्यांत आमच्या मराठवाड्याची हवा. वैशाखांत पारा चाळिशी ओलांडतो आणि मृग लागतांच हवेंत ओल भरते. लाकूड आंखडतें, फुगतें, सांधे उकलतात, खुंट्या सरकतात. अशा स्थितींत दुरुस्ती हा वाद्यावर ओढवलेला अपघात नसून तो त्याचा नित्यनेम आहे. मनुष्याला जसें जेवण, तशी तंबोऱ्याला जवारी.

एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्याकडील हौशी लोकांचे दोन वर्ग आणि त्यांचे दोन निरनिराळे अपराध स्पष्ट दिसूं लागतात. पहिला वर्ग नवेपणाच्या हौसेचा. परभणींतल्याच माझ्या एका परिचितांच्या घरीं निजामशाहीच्या काळांतला, म्हणजे १९४८ च्या पूर्वींचा, एक तंबोरा होता. आजीच्या माघारीं तो माळ्यावर पडून होता. नवें घर बांधल्यावर दिवाणखान्याला ‘पारंपरिक शोभा’ हवी म्हणून तो खालीं आला आणि लाकडी सामानाला पॉलिश करणाऱ्या एका कारागिराच्या हातीं गेला. त्या बिचाऱ्यानें आपल्या परीनें मन लावून काम केलें. जुना लाखेचा रंग खरवडून काढला, वर कांचेसारखा जाड रासायनिक लेप चढवला, तबलीची चीर कडक होणाऱ्या लुकणानें कायमची बुजवली, आणि घोडीचा माथा झिजून गोल झाला आहे अशी समजूत करून घेऊन तो घासून आरशासारखा सपाट केला! घरचे गृहस्थ मला अभिमानानें म्हणाले, “सर, बघा, कसा नवा कोरा झालाय!” मीं तार छेडली. पत्र्याच्या डब्यावर नख मारल्यासारखा एक कोरडा आवाज आला. त्या तंबोऱ्यावर आतां वरून एक लहानसा दिवा सोडला आहे. पाहुणे त्याच्यापुढें उभे राहून छायाचित्रें काढतात.

यांत पॉलिश करणाराकडे दोष नाहीं. त्याला खुर्ची आणि तंबोरा यांतला भेद कोणी सांगितलाच नव्हता. दोष सांगणाराचा. जुन्या कारागिरांनीं कांहीं द्रव्यें पसंत केलीं, तीं केवळ दुसरीं मिळत नव्हतीं म्हणून नव्हे. सरसानें जोडलेला सांधा ऊब आणि ओलावा दिला कीं पुन्हां उघडतो. म्हणून पन्नास वर्षांनीं येणारा दुसरा कारागीर तबली न फोडतां वाद्याच्या पोटांत शिरूं शकतो. लाखेचा रंग स्पिरिटानें विरघळतो, म्हणून तो हवा तेथें, हवा तेवढाच पुन्हां देतां येतो. शिवाय त्याचा थर पातळ असल्यानें तबलीचें कंपन दबत नाहीं. आजचीं कडक लुकणें आणि जाड लेप यांच्याजवळ हा गुण नाहीं. तीं एकदां बसलीं कीं बसलीं. जुन्या कारागिराच्या कामांत पुढच्या कारागिराचा विचार होता. आपल्या कामांत फक्त पुढच्या रविवारीं येणाऱ्या पाहुण्यांचा विचार असतो. जी दुरुस्ती पुढची दुरुस्ती अशक्य करून ठेवते, तिला जीर्णोद्धार म्हणणें ही भाषेचीच विटंबना होय.

दुसरा वर्ग याच्या अगदीं उलट टोंकाचा, जुनेपणाच्या हौसेचा. हा आपल्याकडे अजून लहान आहे, परंतु पश्चिमेकडून त्याचें वारें येऊं लागलें आहे. अमेरिकेंत जुन्या गिटारच्या शौकिनांचा एक मोठा पंथ आहे. त्यांपैकीं पुष्कळांच्या परिश्रमाचें मला कौतुकच वाटतें. कोणत्या वर्षीं कोणतें लाकूड वापरलें, खुंट्या कोणत्या घडणीच्या होत्या, हें ते आपल्या वंशावळीसारखें सांगूं शकतात, आणि मोडलेला एखादा सुटा भाग हातानें तंतोतंत घडवून घेतात. परंतु या भक्तीची परिणति कोठें झाली पाहा. मूळचा स्क्रू जागेवर असेल तर किंमत चढते आणि बदलला असेल तर उतरते. म्हणून कांहीं उत्तम वाद्यें वाजवण्याऐवजीं कांचेच्या कपाटांत कोंडून ठेवलीं जातात. एवढेंच नव्हे, तर नवी कोरी गिटार मुद्दाम खरवडून, रंग उडवून, लोखंडाला गंज चढवून जुनी भासवतात, आणि शौकीन तिला साध्या नव्या गिटारहून अधिक दाम मोजतो! हातांनीं वर्षानुवर्षें वाजवून जी झीज यावयाची, ती कारखान्यांत विकत मिळूं लागली.

या ‘मूळ स्वरूपा’च्या भक्तांना एकच उत्तर पुरे आहे. जगांत वाद्यांचा मुकुटमणि म्हणून गणलें जाणारें क्रेमोना येथील स्त्रादिवारीचें व्हायोलिन घ्या. स्त्रादिवारी १७३७ सालीं वारला. त्याचीं जीं व्हायोलिनें आज वाजतात, त्यांपैकीं जवळजवळ सर्वांच्या माना नंतरच्या काळांत बदललेल्या अथवा नव्यानें बसवलेल्या आहेत, पोटांतील आधाराची पट्टी बदललेली आहे, घोडी आणि तारा तर कितीदां बदलल्या याची गणतीच नाहीं. सभागृहें मोठीं झालीं, स्वर उंचावला, आणि त्याप्रमाणें कारागिरांनीं तीं वाद्यें पुन्हां घडवलीं. तीं जशींच्या तशीं जपलीं असतीं तर संग्रहालयांत राहिलीं असतीं. दुरुस्त होत राहिलीं म्हणून रंगमंचावर राहिलीं. आपल्याकडेहि ‘घोडी हवी तर हस्तिदंताचीच’ असा हट्ट धरणारे रसिक आढळतात. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यांतील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्या यांनीं हस्तिदंताचा व्यापार बंद केला, आणि तें योग्यच झालें. कारागिरांनीं उंटाच्या हाडाची घोडी घडवली आणि जवारी तिच्यावरहि बोलली. हत्तीवांचून अडलें तें रसिकाचें. तंबोऱ्याचें कांहीं अडलें नाहीं.

तेव्हां एक वर्ग वाद्याला नवरी करून मांडवांत बसवतो आणि दुसरा त्याला देव करून देव्हाऱ्यांत कोंडतो. वाजवण्याचें दोघांच्याहि मनांत नाहीं. नाद नको आणि वस्तु हवी, या एका गोष्टीवर दोघांचें पूर्ण ऐकमत्य आहे.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो मी टाळूं इच्छीत नाहीं. कोणी म्हणेल, “प्राध्यापकमहाशय, आतां विजेवरचा तंबोरा आहे, मोबाईलांतहि तंबोरा आहे. त्याला भोपळा नाहीं, जवारी नाहीं, ऊनपाऊस नाहीं. बटण दाबलें कीं स्वर हजर. दोन खोल्यांच्या घरांत राहणाऱ्या मुलीनें गाणें शिकावें कीं भोपळा सांभाळावा?” आक्षेप खोटा नाहीं. ज्या मुलीजवळ दुसरें साधन नाहीं तिला या यंत्रानें रियाजाची सोय करून दिली, आणि त्याबद्दल त्याला मी नांवें ठेवणार नाहीं. परंतु हा आक्षेप ती मुलगी करीत नसते. तो करतात भिंतीवर तंबोरा टांगलेले तिचे शेजारी. ज्याच्या घरीं वाद्य नाहीं त्याला यंत्र वापरण्याचा पूर्ण अधिकार आहे. ज्याच्या घरीं वाद्य आहे, त्यानें यंत्राचें निमित्त सांगून तें मुकें ठेवणें, हा निराळा प्रकार झाला. शिवाय तंबोरा हा केवळ स्वर पुरवणारा नोकर नव्हे. तो लावतां लावतांच शिकणाराचा कान तयार होतो. खुंटी पिळून जवळ आणलेला स्वर मणी सरकवून नेमका जागेवर बसवणें, ही गाण्याची पहिली परीक्षा आहे. यंत्र ती परीक्षा विद्यार्थ्याऐवजीं स्वतःच देऊन टाकतें. परीक्षेस दुसरा बसवला तर काय होतें, हें निदान माझ्या व्यवसायांतल्या माणसाला सांगावयास नको.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि अंतराचा. परभणीहून मिरज चारशेंहून अधिक किलोमीटर. तेथें वाद्य न्यावयाचें कोणीं आणि कशासाठीं? मिरजेचें नांव घेतलें, तर तिची हकीकतहि सांगितली पाहिजे, कारण आपल्या पांढरपेशांना ती अर्धीच ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथील फरीदसाहेब आणि त्यांच्या कुटुंबीयांनीं तंतुवाद्यें घडवण्यास आरंभ केला. हें घराणें मूळचें शिकलगारांचें, म्हणजे तलवारींना पाणी देणाऱ्यांचें. तलवारींचे दिवस संपले तेव्हां त्या हातांनीं हत्यारें टाकलीं नाहींत. तीं त्यांनीं लाकडाकडे आणि भोपळ्याकडे वळवलीं. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, ‘सतारमेकर’ हेंच त्यांचें आडनांव झालें, आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, अब्दुल करीम खाँ यांच्यासारखे गवई ज्या गांवीं राहिले त्या गांवाला वाद्यें आणि कान दोन्हीं एकाच पेठेंत लाभलीं. तंबोऱ्याचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याच्या परिसरांतून. म्हणजे हिंदुस्थानभर ज्या नादावर ख्याल उभा राहतो, तो नाद विठोबाच्या अंगणांतल्या वेलावर पिकतो आणि मुसलमान कारागिराच्या हातून बोलका होतो. संस्कृतीवर व्याख्यानें देणाऱ्यांनीं एवढी एक गोष्ट नीट पाहिली तरी त्यांच्या व्याख्यानांतील निम्मा आवेश ओसरेल.

२०२४ सालीं मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांस भौगोलिक मानांकन मिळालें. वर्तमानपत्रांनीं मथळे दिले, आपण अभिनंदनाचे निरोप एकमेकांस पाठवले, आणि आपलें कर्तव्य संपलें. मानांकनानें नांवाचें रक्षण होतें. दुसऱ्या गांवचा माल मिरजेचा म्हणून विकतां येत नाहीं. तें हवेंच होतें. परंतु कारागिराच्या मुलानें कानस हातीं धरावी कीं शहरांत जाऊन नोकरी करावी, याचा निवाडा मानांकन करीत नाहीं. तो निवाडा होतो आपण जवारीचे पैसे देतांना जी घासाघीस करतों त्या क्षणीं. वकिलाला सल्ल्याचे, डॉक्टरला तपासणीचे आणि शिकवणीवाल्याला शिकवणीचे पैसे आपण मुकाट्यानें मोजतों. जवारी काढणारा अर्धा दिवस मान मोडून बसतो, आणि त्याला आपण विचारतों, “नुसतें घासण्याचे एवढे?” ज्या घरांत दर तीन वर्षांनीं मोबाईल बदलतो, त्या घरांत हा प्रश्न निघतो. मग अंतराची तक्रार ऐकून मला हंसूं येतें. परभणीहून परळी, लातूर, कुर्डुवाडी, पंढरपूर अशी मिरजेपर्यंत लोहमार्गाची सलग वाट आहे. वारीला आपण तिकडे जातोंच. पंढरपूरच्या पुढें थोडें गेलें तर तंबोऱ्याची वारी पुरी होते.

या साऱ्यांत मला आशा वाटते ती, वाचकांस आश्चर्य वाटेल, पण गिटारवाल्या पोराकडून. माझ्या पिढीचे पुष्कळ लोक त्याला ‘परक्या वाद्याचा नादी’ म्हणून हिणवतात. परंतु आमच्याच महाविद्यालयांतला एक विद्यार्थी मीं पाहिला. त्यानें पडक्या भावांत एक जुनी गिटार घेतली. तिची मान वांकली होती. मानेच्या आंत जी पोलादी सळई असते ती थोडी थोडी पिळून त्यानें ती सरळ केली. वरच्या टोंकाची पट्टी, जिला ते लोक ‘नट’ म्हणतात आणि आपण अटी म्हणतों, ती हलक्या प्लॅस्टिकची होती; त्यानें हाडाचा तुकडा मिळवून, सहा तारांच्या सहा खांचा स्वतः कानसून नवी बसवली. पहिले दोन तुकडे फुकट गेले, तिसरा साधला. त्याला आपल्या वाद्याची प्रत्येक व्यथा ठाऊक आहे. इतकेंच काय, अमेरिकेंतील मार्टिन या १८३३ पासूनच्या प्रसिद्ध गिटारकारांनीं ब्राझिलचें शिसव दुर्मिळ झाल्यावर १९६९ च्या सुमारास भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला, हेंहि त्यानेंच मला सांगितलें. आपल्या रानांतल्या लाकडाची थोरवी आपणांस परक्या वाद्याच्या वेडानें कळावी, यांत लाज वाटावयाची तर ती त्या पोराला नव्हे. भिंतीवरच्या तंबोऱ्याच्या मालकापेक्षां परंपरेचा खरा वारस मी त्यालाच समजतों; कारण परंपरा ही वाद्याच्या जातींत नसून वाद्याशीं वागण्याच्या रीतींत असते.

आणि ती रीति आपल्या मातींत नाहीं असेंहि नव्हे. जनाबाईचें गंगाखेड आमच्याच जिल्ह्यांत आहे. नामदेवांची नरसीहि १९९९ सालीं हिंगोली निराळा जिल्हा होईपर्यंत आमच्याच जिल्ह्यांत होती. या मुलखांत गांवोगांव अखंड हरिनाम सप्ताह होतात. सप्ताहाला एकदां वीणा उभी राहिली कीं सात दिवस ती खालीं ठेवीत नाहींत. पहारे लावलेले असतात. एकानें वीणेकऱ्याच्या पायां पडावें, वीणा आपल्या गळ्यांत घ्यावी आणि उभें राहावें. शेतकरी, शिक्षक, दुकानदार, सालगडी, सर्वांच्या हातून ती फिरते. तिची दांडी हातांच्या घामानें काळी पडलेली असते, तार कितीदां तुटून बदललेली असते, खुंटी कोणा गांवच्या सुतारानें बसवलेली असते. ती मूळची कीं बदललेली, असा प्रश्न तेथें कोणाच्या मनांत येत नाहीं, आणि तिला चकचकीत करून भिंतीवर टांगावी असेंहि कोणास सुचत नाहीं. उद्यां पहाटे ती वाजली पाहिजे, एवढीच चिंता. वाद्याविषयींच्या आदराचें याहून शुद्ध शास्त्र मला कोठल्याहि ग्रंथांत आढळलें नाहीं. पदवी घेतलेल्या माणसानें तें निरक्षर वीणेकऱ्यापाशीं शिकावें.

केवळ टीका करून थांबणें मला उचित वाटत नाहीं. म्हणून चार साध्या सूचना करतों. पहिली: जिल्ह्यांतील संगीतवर्ग, भजनी मंडळें आणि वाद्यें असलेलीं घरें यांनीं एकत्र येऊन वर्षांतून एकदां, पावसाळा सरल्यावर, एखाद्या जाणत्या कारागिराला आठ दिवस परभणीस बोलवावें, आणि त्याची राहण्याजेवण्याची व मोबदल्याची सोय आगाऊ करावी. एकट्याला जड जाणारा खर्च पन्नास वाद्यांवर वांटला कीं जाणवणारहि नाहीं. दुसरी: त्या आठ दिवसांत सुतारकामाची आवड असलेलीं दोनचार मुलें त्याच्या हाताखालीं बसवावींत, आणि त्यांत गिटारवाल्या मुलांस मज्जाव नसावा. तिसरी: प्रत्येक वाद्याच्या पिशवींत एक लहान वही ठेवावी, कोणतें काम, कोणीं, कोणत्या दिवशीं केलें, याची तींत नोंद असावी, आणि कारागिराचें नांव मालकाच्या नांवाच्या वर लिहावें. चौथी, आणि माझ्या मतें मुख्य: जो सांधा पुन्हां उघडतां येणार नाहीं आणि जो रंग पुन्हां उतरवतां येणार नाहीं, तो आपल्या वाद्यावर कोणासहि चढवूं देऊं नये.

यांतलें कांहींच साधत नसेल, तर एक शेवटचा मार्ग उरतो आणि तोहि सन्मानाचा आहे. भिंतीवरचा तंबोरा खालीं काढावा, त्याची जवारी काढून घ्यावी, आणि ज्या मुलीला तो परवडत नाहीं पण जिला गाणें येतें तिच्या हवालीं करावा. दिवाणखान्यांतली खिळ्याची जागा मोकळी दिसेल. तेथें एखादें दिनदर्शिकेचें चित्र लावल्यास संस्कृतीची कांहीं हानि होणार नाहीं.